पायाखालचा गालिचा

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत दाराशी चपला काढताना खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. गेरूसारखा तांबडा, करडा आणि साईसारखा पिवळट, असे तीनच रंग. मधोमध फुलांची जाळी, भिंतीच्या कडेने वीतभर रुंद वेलपट्टी. कोपऱ्यात वेल तुटत नव्हती, काटकोनात सुबक वळत होती, कारण त्या वळणासाठी वेगळी फरशी घडवली होती. ही जमीन नव्हती, खोलीच्या मापाने अंथरलेला गालिचा होता.

‘फरशी’ या शब्दाच्या पोटात तेच दडलेलं आहे. अरबी ‘फर्श’ म्हणजे पसरणं, अंथरणं, आणि म्हणून अंथरलेली वस्तूही. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. तंबू-गालिचे सांभाळणारा तो फरास आणि ते जिथे ठेवायचे तो फरासखाना. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत फरासखान्याचं नाव आहे, आणि पुण्यात आज एका पोलीस ठाण्याला ते नाव चिकटून आहे. अंथरलेल्या कापडावरून शब्द जमिनीवर उतरला आणि तिथून जमिनीवर बसवलेल्या दगडावर.

आपल्याकडे हा दगड बहुतेक शहाबादी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा करडा चुनखडक. उन्हाळ्यात त्यावर नुसतं आडवं व्हावं, इतका गार. पण त्याच्यावर नक्षी नसे. नक्षीची फरशी मुंबईत आधी बोटीने आली. भायखळ्याचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, तिथे इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याच्या फरशा आहेत. त्यात एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून भट्टीत भाजत. काम देखणं, पण महागडं.

गिरगावातली फरशी भट्टीचं तोंड न पाहता झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण फ्रान्समध्ये सिमेंटची रंगीत फरशी पाडायची रीत निघाली आणि ती जगभर गेली. भारतात १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या काका-पुतण्यांनी ‘भारत टाइल्स’ सुरू केली, तेव्हा स्वदेशीचं वारं होतं. बाहेरून येणारी वस्तू इथे, इथल्या हातांनी तितकीच चांगली घडवायची, ही त्यामागची जिद्द. कारखान्याच्या नावातच ‘भारत’ आहे, तेही स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षं आधी.

या फरशीची घडण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लोखंडी चौकटीत गुळगुळीत पत्रा. त्यावर नक्षीच्या रेषांनुसार वळवलेल्या धातूच्या पट्ट्यांची जाळी. कारागीर लहान पळीने एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ लगदा ओततो: पाकळीत तांबडा, देठात करडा. मग जाळी सरळ वर उचलतो. हात किंचित हलला तर पाकळीची कड विस्कटते, न हलला तर रंग एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी उभे राहतात. वरून कोरडं सिमेंट भुरभुरायचं, म्हणजे जादा पाणी शोषलं जातं. त्यावर जाडसर वाळू-सिमेंट, मग दाबयंत्र. पुढे फरशी पाण्यात मुरते. इतर वस्तू पाण्याने झिजतात, ही पाण्यात घट्ट होते.

रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून ती झिजली तरी फूल पुसत नाही. दाराशी, देवघरापुढे, ओट्याजवळ, जिथे माणसं रोज उभी राहिली, तिथे फरशी मऊ आणि किंचित खोलगट झालेली असते. घरातल्या बायांची अर्धी हयात ओट्यापुढच्या त्या खळग्यात वाचता येते. मला ही झीज नक्षीइतकीच मोलाची वाटते.

पुढे संगमरवराच्या कपच्यांची मोझॅक आली, मग चकचकीत टाइल्स. आता जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, तेव्हा फरशा बहुधा डबरात जातात. एकदा पाडकामाच्या ढिगाऱ्यातून मी एक अख्खी फरशी उचलून आणली. घरी पुसून पाहिली, तर तिच्यावर पाव फूलच होतं. पुरं फूल चार फरशा जुळल्यावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या तिघी शोधायला मी परत त्या ढिगाऱ्यावर गेलो.