यंत्र थोडी, रोगी अनेक

मनुष्याची मूत्रपिंडे अहोरात्र रक्त गाळीत असतात; परंतु ती निकोप असेपर्यंत त्यांचे स्मरण कोणास होत नाही. अंगावरील सूज, मूत्रातून जाणारी प्रथिने आणि मूत्रपिंडाची विकृती यांचा संबंध लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली स्पष्ट केला. चमच्यातील मूत्र मेणबत्तीवर तापवून ते गढूळ होते की काय हे पाहणे, एवढीच त्यांची परीक्षा होती. रोगाची ओळख पटली. उपायासाठी मात्र शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

त्या उपायाचे बीज रसायनशास्त्रात होते. विशिष्ट पडद्यातून क्षार पार होतात आणि सरसासारखे पदार्थ मागे राहतात, हे स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली दाखविले व या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. हॉलंडच्या विलेम कोल्फ यांनी त्या तत्त्वावर माणसाला उपयोगी पडेल असे यंत्र उभारले. देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना कांपेन या लहान गावी त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळली. नळीतून रोग्याचे रक्त वाहे, आणि पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत राही. १९४३ साली आरंभ झालेल्या या प्रयत्नांतील बहुतेक रोगी दगावले. अखेर सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक स्त्री या उपचाराने वाचली.

तथापि हा उपचार तात्पुरत्या बिघाडापुरताच होता. प्रत्येक वेळी नवी रोहिणी व नवी नीला उघडावी लागे. ज्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, त्याला इतक्या रक्तवाहिन्या कोठून आणाव्यात? ही अडचण अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० साली दूर केली. रोग्याच्या हातातील रोहिणी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी त्यांनी कायमची बसविली. मरणोन्मुख स्थितीत आलेला त्यांचा पहिला रोगी, एक यंत्रकामगार, पुढे अकरा वर्षे जगला.

या यशातूनच एक अवघड प्रश्न उभा राहिला. यंत्रे थोडी, खर्च अफाट आणि रोगी अनेक. तेव्हा जगवावयाचे कोणास? सिअ‍ॅटलच्या केंद्राने तो निर्णय सात नागरिकांच्या समितीकडे सोपविला. वकील, धर्मोपदेशक, बँकेतील अधिकारी, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यवैद्य असे तिचे सभासद होते. डॉक्टरांनी योग्य ठरविलेल्या रोग्यांचे वय, उत्पन्न, मुलेबाळे, समाजातील वर्तन यांचा ही मंडळी विचार करीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातून ही हकीकत प्रसिद्ध होताच देशभर खळबळ उडाली. माणसाच्या योग्यतेचे माप कोणत्या तराजूत घ्यावयाचे, याचे उत्तर समितीपाशी नव्हते. ते असणे शक्यही नव्हते. अखेर १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या उपचाराच्या खर्चाचा मोठा भार शासनाकडे घेतला.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी आरोपण झाले. दरिद्री रोग्यांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे, यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रापाशी जाणे म्हणजे प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. समिती नसली तरी दूरच्या खेड्यातील रोग्याची निवड अंतर आणि दारिद्र्य करीतच असतात.

म्हणून यंत्राइतकेच महत्त्व यंत्रापर्यंत पोहोचण्याची वेळ लांबविण्यास आहे. मधुमेह आणि रक्तदाब ही या रोगाची दोन प्रमुख कारणे. ती आटोक्यात ठेवली आणि मूत्राची व रक्ताची तपासणी वेळीच झाली, तर मूत्रपिंडांची झीज पुष्कळदा मंदावता येते. ब्राइट यांच्या चमच्याची जागा आता कागदी पट्टीने घेतली आहे. ही स्वस्त तपासणी गावोगावच्या आरोग्य केंद्रात नियमाने होणे, हे यंत्रांची संख्या वाढविण्याइतकेच निकडीचे काम आहे.