‘कॅथर किल्ले’ नेमके कुणाचे?

दक्षिण फ्रान्समधल्या मोंसेग्यूरच्या पायथ्याशी १६ मार्च १२४४ रोजी सुमारे दोनशे कॅथर स्त्री-पुरुषांना जिवंत जाळलं. रोमच्या चर्चला न मानणारा हा ख्रिस्ती पंथ. दहा महिने वेढा सोसला. पंथ सोडा, जीव वाचेल, असं सांगितलं होतं. त्यांनी नाही सोडला.

आज तिथून झाडीतली वाट वर जाते. चढ उभा, दम लागतो (सह्याद्री चढणाऱ्यांना विशेष नाही म्हणा!), आणि वर भिंती दिसल्या की वाटतं, हाच तो किल्ला. पण तो हा नव्हे. त्यांचा गड पाडला गेला. या भिंती नंतरच्या मालकांच्या, लेव्ही घराण्याच्या. कॅथरांच्या घरांचे पाये तटाबाहेर उतारावर उत्खननात सापडले. गेलात तर आधी ते बघा.

पूर्वेकडच्या केरिब्यूस, पेरपेर्त्यूजचंही तेच. नाव ‘कॅथर किल्ले’, पण जे उभं आहे ते बरंचसं फ्रान्सच्या राजानं अरागॉनच्या सीमेवर बांधलेलं. म्हणजे जिंकणाऱ्यांचं बांधकाम, हरलेल्यांचं नाव! पुढे १६५९च्या तहानं सीमाच दक्षिणेला पिरेनीज डोंगरावर सरकली, आणि या गडांचं कामच उरलं नाही.