मधले उतरणे

आपल्याकडे पूर्वी लांबच्या प्रवासाची गोष्ट निघाली की घरातील बायकांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसे. "गाडी कुठे बदलायची?" हा तो प्रश्न असे. पंढरीला निघालेल्या बाईच्या कडेवर मूल, हातात बोचके आणि मनात कुर्डूवाडीची धास्ती. मोठी गाडी तेथे सोडावयाची आणि बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यात अंग चोरून जागा धरावयाची, हा त्या यात्रेतील एक कठीण टप्पाच होता. ही अडीच फुटी रुळांची लाइन बार्शीपर्यंत १८९७ साली आणि पंढरपुरापर्यंत १९०६ साली सुरू झाली. पुढे तिचे रूळ रुंद झाले आणि आज कुर्डूवाडीस उतरण्याचे ते कारण राहिलेले नाही. परंतु निजलेले मूल खांद्यावर टाकून एका गाडीतून दुसरीत धावण्याची आठवण आमच्या मागच्या पिढीत अजून ताजी आहे.

मी नोकरीनिमित्त चंडीगडला राहतो. येथून जवळच कालका आहे आणि कालक्याचीही कथा कुर्डूवाडीच्याच जातीची आहे. हिंदुस्थान सरकार उन्हाळ्यात सिमल्यास मुक्काम हलवी, तेव्हा अधिकाऱ्यांची बायकामुले कालक्यापर्यंत येत आणि तेथून टांग्याने डोंगर चढत. १८९१ साली मोठी आगगाडी कालक्यास आली आणि १९०३ साली तेथून सिमल्यापर्यंत छोटी गाडी सुरू झाली. मौज अशी की, तिचेही रूळ अडीच फुटीच. म्हणजे लाटसाहेबांच्या दरबारी मंडळींना आणि विठोबाच्या वारकऱ्यांना मुलेबाळे घेऊन एकाच मापाच्या डब्यात चढावे लागे. सत्तेने डोंगराचा चढ सपाट होत नाही. फार तर हमाल अधिक मिळतात.

येथवर जे मधले उतरणे होते ते यंत्राने आणि भूगोलाने लादलेले होते. विमानाच्या बाबतीतही आरंभी तसेच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले ते अहमदाबादेस थांबून मुंबईला जुहूवर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती डाक बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. चिमुकल्या विमानाच्या पोटात तेल मावणार किती? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. थांबणे ही त्या काळी विमानाची गरज होती. तीबद्दल कोणी कुरकुर केली नाही, कारण करून उपयोग नव्हता.

परंतु थांबा हा गरज न राहता योजना केव्हा झाला, याचा शोध घेऊ लागलो की आपण थेट नागपूरला येऊन पोहोचतो, आणि नागपूर माझे गाव असल्यामुळे मला याचा थोडा अभिमानही वाटतो. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा तिला मोठा पाठिंबा होता. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोहोचे. पिशव्यांबरोबर माणसेही असत. मुंबईहून कलकत्त्यास जाणारा प्रवासी नागपूरला उतरे आणि मध्यरात्री दुसऱ्या विमानात चढे. दोन दशकांहून अधिक काळ हा क्रम चालला.

यातील गणित पाहण्यासारखे आहे. चार शहरे परस्परांशी जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर धरले की चार पुरतात. शहरे दहा झाली तर पंचेचाळीस मार्गांचे काम दहांत भागते. पुढे अमेरिकेत १९७८ साली विमानकंपन्यांवरील सरकारी निर्बंध उठले आणि मोठमोठ्या कंपन्यांनी आपला कारभार चाकाच्या तुंब्यासारख्या एकेका मध्यवर्ती विमानतळाभोवती उभा केला, तो याच गणितावर. टपालाच्या पेट्या रात्री एका गावी आणून, वाटून, सकाळपर्यंत देशभर पोहोचविण्याचा मेंफिस येथील जगप्रसिद्ध उद्योग १९७३ साली सुरू झाला. नागपूरने ते काम त्याआधी चोवीस वर्षे केले होते. आज दुबई, दोहा, दिल्ली अशा विमानतळांवर मध्यरात्री जी माणसांची जत्रा दिसते, तिचे मूळ रूप सोनेगावच्या धावपट्टीवर कंदील-दिव्यांच्या उजेडात पाहिलेली माणसे आमच्या घरात होती. माझे आजोबा टपालखात्यात होते. ते सांगत की, पिशव्यांचे काम चालू असताना त्यांची नजर वारंवार जाई ती झोपलेली मुले उचलून चालणाऱ्या बायकांकडे. पिशवीला मोहर असते, ती बोलत नाही. मूल मात्र मध्यरात्री जागे झाले की साऱ्या विमानतळाला कळते.

आजोबांच्या या बोलण्यातच सगळा प्रश्न आहे. मध्यवर्ती स्थानाचे गणित पिशवीसाठी निर्दोष आहे. पिशवीला झोप नाही, भूक नाही आणि कान नाहीत.

कानाचे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आजचे विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका राखलेला असतो. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने सिमल्यात बसलेला असतो. उतरताना हा दाब वाढत जातो आणि कानाच्या पडद्यामागील पोकळीला घशाशी जोडणारी बारीक नलिका उघडून तो सारखा करावा लागतो. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो. तान्ह्याला हे ठाऊक नसते, त्याची नलिकाही अरुंद असते, आणि सर्दी झालेली असेल तर ती उघडतच नाही. सिमल्याची गाडी कालक्यास उतरावयास चार-पाच तास घेते. विमान तितकेच उतरणे अर्ध्या तासाच्या आत उरकते. त्या वेळी मुलाला पाजणे किंवा बाटली देणे हा उपाय आया जाणतात. परंतु विमान बदलावयाचे म्हणजे हे उतरणे एकदा नव्हे, दोनदा. तिकिटावर याची किंमत छापलेली नसते.

आता शब्दांचा एक घोटाळा. विमानकंपन्यांच्या भाषेत 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे दोन शब्द भिन्न आहेत. पहिल्यात विमानाचा क्रमांक तोच राहतो, परंतु ते मध्ये एखाद्या गावी उतरू शकते. दुसऱ्यात मध्ये उतरणेच नाही. 'थेट' म्हणून घेतलेले विमान मध्येच खाली येऊ लागले की सहाएक महिन्यांच्या बाळाची आई दचकते, ती यामुळे.

चंडीगडहून मुंबईस मध्ये न उतरणारे विमान असते आणि ते अडीच तासांच्या आसपास पोहोचते. येथील महाराष्ट्रीय कुटुंबांना त्याबद्दल फारसा विचार करावा लागत नाही. विचार पडतो तो आम्हा नागपूरकरांना, आणि महाराष्ट्रातील इतर गावी जाणाऱ्यांना. ज्या नागपूरला चार दिशांची विमाने येऊन भेटत, त्या नागपूरला जाण्यासाठी आम्ही दिल्लीत किंवा मुंबईत विमान बदलतो. याला इतिहासाची थट्टा म्हणावे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझ्या आईची शस्त्रक्रिया ठरली. मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा चौदा महिन्यांचा. आदल्या दिवशी पोहोचावे म्हणून मी चंडीगड ते दिल्ली एक आणि दिल्ली ते नागपूर दुसरे अशी दोन वेगळी तिकिटे काढली. मध्ये दीड तासाचे अंतर होते आणि साडेतीन हजार रुपये वाचत होते. फायलींवर 'काटकसर' हा शेरा लिहिण्याची सवय झालेल्या माणसाला यात काही गैर दिसले नाही. उत्तर हिंदुस्थानातील जानेवारीचे धुके मला ठाऊक नव्हते असेही नाही. सकाळचे विमान तीन तास उशिरा सुटले, पुढचे आमच्यावाचून गेले. दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवरील तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, पहिल्या विमानाशी त्यांचा काही संबंध नाही. त्याचे म्हणणे खरे होते. रात्र खुर्च्यांवर काढली. मुलगा दर तासाला उठे, मुलगी विचारी, "बाबा, आजी इथेच येणार आहे का?" दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा आईला आत नेऊन दोन तास झाले होते. तिने आत जाण्यापूर्वी नातवंडे आली का, असे दोनदा विचारल्याचे बहिणीने सांगितले.

त्यानंतर मी त्या विषयाचा कायदा वाचला; सरकारी नोकराचे दुःख बहुधा कायद्यापाशी जाऊन थांबते. १९२९ साली वॉर्सा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात एक लहानसे कलम आहे. अनेक वाहकांनी टप्प्याटप्प्याने केलेली वाहतूक, उभय पक्षांनी ती एकच मानलेली असेल तर, एकच अखंड प्रवास समजावी, असा त्याचा आशय. आपल्याकडे तो करार १९३४ च्या कायद्याने आला, पुढे १९७२ चा कायदा झाला, आणि १९९९ चा माँट्रियल करार २००९ साली लागू झाला. 'एक प्रवास' ही कल्पना त्यातही टिकली. ही कलमे प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रवासाची. परंतु देशातही व्यवहाराचे तत्त्व तेच आहे. एका तिकिटावरचे दोन टप्पे म्हणजे एक करार : पहिले विमान चुकवील तर पुढची जबाबदारी घेणारा कोणी असतो आणि सामानही बहुधा शेवटच्या गावीच मिळते. दोन तिकिटे म्हणजे दोन अनोळखी करार, आणि त्यांच्यामधली दरी प्रवाशाने मूल कडेवर घेऊन ओलांडावयाची. माझे साडेतीन हजार त्या दरीत गेले. मुलांपुरते सांगावयाचे तर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना बजावले. मात्र त्यासाठीही पालक आणि मूल यांचे आरक्षण एकच असावे लागते.

तेव्हापासून आमच्या घरात जवळच्या प्रवासापुरता नियम ठरला आहे. विमानात अडीच-तीन तासांहून कमी वेळ बसावयाचे असेल तर मध्ये उतरावयाचे नाही, भाडे अधिक पडले तरी. नागपूरला जाताना आम्ही आता येथून शताब्दीने दिल्लीस जातो, रात्री नातेवाइकांकडे राहतो आणि सकाळी नागपूरचे विमान धरतो. यालाही कोणी मधले उतरणे म्हणेल, आणि ते चूक नाही. परंतु आगगाडीत मुले चालतात, खिडकीशी भांडतात, अंबाल्याला चहावाला पाहतात. आणि मुख्य म्हणजे दिल्लीची रात्र ही आम्ही ठरवलेली असते, आमच्यावर कोसळलेली नसते.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीत असते आणि तिचे मत माझ्या अगदी उलट आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारे एअर इंडियाचे विमान २००७ साली सुरू झाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटावयाचेच बाकी राहिले होते. पंधरा-सोळा तास एका खुर्चीत! दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तिने तो प्रवास एकदाच केला. त्यानंतर ती मध्ये कोठेतरी तीन-चार तास उतरते. मूल विमानतळाच्या लांबलचक वाटांवर धावते, पोटभर जेवते आणि पुढच्या विमानात निजते. ती म्हणते, मोठ्यांना प्रवास संपवावयाचा असतो, मुलांना पाय मोकळे करावयाचे असतात. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'मलबार प्रिन्सेस'मधून जे पस्तीस प्रवासी कैरोला उतरले, त्यांनाही जमिनीवर पाय टेकल्यावर बरेच वाटले असेल. मात्र बहीण एकाच तिकिटावर जाते आणि मध्ये दीड तास नव्हे, तीन तास ठेवते. उशीर झालाच तर तो त्या तीन तासांत मावतो.

आई त्या शस्त्रक्रियेतून बरी झाली. आता आम्ही येण्याचे कळविले की ती वेळ विचारीत नाही, भाडेही विचारीत नाही. फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "कुठे बदलायचं आहे रे?" बदलावयाचे नाही असे सांगितले तरी ती मुलांसाठी मेथीच्या पुऱ्या करून आत्याच्या मुलाबरोबर दिल्लीला पाठवून देते, मध्ये लागल्या तर असाव्यात म्हणून.