आर्थिक कामगिरी आणि नागरी स्वातंत्र्य : इंदिरा गांधींच्या पहिल्या कारकिर्दीचे (१९६६–१९७७) पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना

२२ मार्च १९७७ रोजी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि सलग अकरा वर्षांची त्यांची पहिली कारकीर्द संपुष्टात आली. सत्तेवरून जाणाऱ्या राष्ट्रीय नेत्याचे मूल्यमापन करण्याची एक पद्धत आपल्याकडे रूढ आहे. आर्थिक कामगिरी जमेच्या बाजूस मांडावयाची, नागरी स्वातंत्र्याचा संकोच खर्चाच्या बाजूस टाकावयाचा आणि वजाबाकी करून निष्कर्ष काढावयाचा, अशी ती पद्धत होय. आणीबाणीविषयी आजही ऐकू येणारे मत याच पद्धतीचे आहे. गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांतील माणसे जागेवर सापडत होती, भाव उतरले होते; उणीव होती ती केवळ स्वातंत्र्याची, असे या मताचे स्वरूप असते.

प्रस्तुत लेखात या मताची ऐतिहासिक चिकित्सा केली आहे. त्यासाठी अधिकृत आकडेवारी, शहा आयोगाचे अहवाल व घटनाक्रम यांचा आधार घेतला असून विवेचन विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे. आर्थिक कामगिरी व नागरी स्वातंत्र्य या दोन स्वतंत्र खतावण्या नसून एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी आहेत, हे लेखाचे प्रतिपाद्य आहे.

खुल्या राजकारणातील आर्थिक कामगिरी

इंदिरा गांधींनी २४ जानेवारी १९६६ रोजी सूत्रे हाती घेतली तेव्हा देश दुष्काळाच्या छायेत होता. १९६५-६६ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ७.२ कोटी टनांपर्यंत घसरले होते व अमेरिकेच्या गव्हावर देशाची गुजराण चालली होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करण्यात आले व डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. या निर्णयावर स्वपक्षातूनही कठोर टीका झाली. संकरित बियाणे, सिंचन, खते व हमीभाव यांवर आधारलेले नवे कृषिधोरण मात्र फलद्रूप झाले. १९७०-७१ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन १०.८ कोटी टनांवर पोहोचले.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरविला. तेव्हा सरकारने न्यायालयाचे आक्षेप लक्षात घेऊन नवा अध्यादेश व नंतर नवा कायदा आणला. १९६९ मध्ये देशात बँकांच्या सुमारे ८,३०० शाखा होत्या. १९७५ पर्यंत ही संख्या दुपटीहून अधिक झाली व तालुक्याच्या गावी बँक पोहोचली. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कार्यक्षमतेविषयी मतभेद असू शकतात. परंतु हे धोरण संसद, न्यायालय, वृत्तपत्रे व पक्षांतर्गत विरोध या चारही कसोट्यांतून गेले, हे महत्त्वाचे आहे. या अकरा वर्षांतील टिकाऊ आर्थिक कामगिरी प्रामुख्याने १९६६ ते १९७१ या काळातील आहे, आणि हा काळ खुल्या राजकारणाचा होता.

भाववाढीचा घटनाक्रम

१९७१ च्या निवडणुकीत ‘गरिबी हटाव’ या घोषणेने ३५२ जागा मिळवून दिल्या. पाठोपाठ बांगलादेश युद्ध, निर्वासितांचा भार, १९७२ चा दुष्काळ व १९७३ चे तेलसंकट आले. घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी, तर १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. गुजरात व बिहारमधील आंदोलनांना या महागाईने बळ दिले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेले लाटणे मोर्चे याच काळातील होत.

‘आणीबाणीने भाव उतरविले’ या विधानाची तपासणी येथे करावी लागते. जुलै १९७४ मध्ये सरकारने अध्यादेशांद्वारे वेतनवाढीची संपूर्ण रक्कम व वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत वळविली, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा घातली आणि रिझर्व्ह बँकेने बँक दर ९ टक्क्यांवर नेला. त्यानंतर तस्करांविरुद्ध मोहीम सुरू झाली. सप्टेंबर १९७४ नंतर घाऊक किमतींचा निर्देशांक उतरू लागला. आणीबाणी जाहीर झाली ती २५ जून १९७५ च्या रात्री, म्हणजे त्यानंतर नऊ महिन्यांनी. त्या वर्षीच्या उत्तम पावसाने अन्नधान्याचे उत्पादन १२.१ कोटी टनांवर नेले आणि भावांची उतरण पक्की झाली. राष्ट्रीय उत्पन्न १९७५-७६ मध्ये ९ टक्क्यांनी वाढले. पुढील वर्षी पाऊस कमी होताच ही वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास आली व किमती पुन्हा चढू लागल्या. आणीबाणी दोन्ही वर्षी होती. बदलला तो पाऊस.

मात्र १९७४ पर्यंतचा काळ निर्वेध स्वातंत्र्याचा होता, असेही म्हणता येणार नाही. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धामुळे जाहीर झालेली बाह्य आणीबाणी उठविलेलीच नव्हती. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच ‘मिसा’, १९७१ पासून अस्तित्वात होता. मे १९७४ मधील रेल्वे कामगारांचा संप मोडण्यासाठी हजारो कामगारांना अटक झाली. म्हणजे सरकारजवळ कठोर उपायांची साधने आधीच होती व ती वापरलीही जात होती. त्यामुळे आर्थिक कारणांसाठी आणीबाणी अपरिहार्य होती, हा युक्तिवाद अधिकच दुबळा ठरतो. आणीबाणीचे निकटचे कारण १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरविली, हे होते.

शिस्तीची किंमत कोणी मोजली?

१ जुलै १९७५ रोजी वीसकलमी कार्यक्रम जाहीर झाला. वेठबिगारी निर्मूलन व स्त्री-पुरुषांना समान वेतन हे कायदे या काळात आले व १९७७ नंतरही टिकले. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु असे कायदे करण्यासाठी मूलभूत हक्क स्थगित करणे आवश्यक नव्हते. उलट, त्यांच्या अंमलबजावणीसाठी ज्या संघटना व वृत्तपत्रे हवी होती, त्यांचेच तोंड बांधलेले होते.

औद्योगिक शांततेचेही असेच आहे. संप व टाळेबंदी यांमुळे १९७४ मध्ये सुमारे ४ कोटी मनुष्यदिवस वाया गेले होते; १९७६ मध्ये हा आकडा सुमारे सव्वा कोटीवर आला. परंतु १९७६ मधील नुकसानीचा मोठा भाग मालकांनी केलेल्या टाळेबंदीचा होता. सप्टेंबर १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात आला. ज्याच्या हातून संपाचे शस्त्र गेले, त्याच्याच खिशातून ही शिस्त वसूल झाली.

स्वातंत्र्याचा संकोच

शहा आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’खाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ व्यक्तींना अटक झाली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली व चार वृत्तसंस्थांचे ‘समाचार’ या एकाच संस्थेत विलीनीकरण झाले. लोकसभेची मुदत दोनदा वाढविण्यात आली. २८ एप्रिल १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला देहोपस्थितीचा अर्ज करण्याचा अधिकार नसल्याचे चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले. न्या. यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते, एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले व जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली. हा निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. तो निर्वाळा देणाऱ्या पीठात न्या. धनंजय चंद्रचूड होते, ही बाब बोलकी आहे.

महाराष्ट्राने या काळात दोन्ही प्रकारचे आवाज ऐकले. पवनारहून विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्दप्रयोग आला आणि सरकारने तो आपल्या प्रचारासाठी वापरला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली; पुढे त्यांना कारावास घडला.

दोन धोरणांची तुलना : नसबंदी व रोजगार हमी

स्वातंत्र्य आणि धोरणाची परिणामकारकता यांचा संबंध दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो. १९७५-७६ मध्ये देशात २६.२ लाख, तर १९७६-७७ मध्ये ८१.३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या वर्षीचे उद्दिष्ट ४३ लाखांचे होते. शिक्षक, तलाठी, पोलीस यांच्यावर कोटा लादला गेला. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानेच संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. कागदावर हे यश प्रचंड होते. १९७७-७८ मध्ये मात्र शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळली आणि ‘कुटुंबनियोजन’ हा शब्दच सरकारला बदलून ‘कुटुंबकल्याण’ करावा लागला. लोकांना बोलण्याची मुभा असती, तर जबरदस्तीच्या तक्रारी पहिल्याच महिन्यात वर पोहोचल्या असत्या.

याउलट महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२-७३ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या विचारातून व दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मोर्चांच्या दबावातून आकारास आली. तिच्यासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला; आपल्या वेतनपत्रकातील त्या कपातीचे मूळ तेथे आहे. आणीबाणी उठल्यानंतर १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्याने वाट दाखविली. भुकेल्या माणसाला मोर्चा काढता आला, म्हणून शासनाला भूक दिसली.

१९७७ चा कौल

मार्च १९७७ मध्ये काँग्रेसला लोकसभेच्या १५४ जागा मिळाल्या. उत्तर प्रदेशातील ८५ व बिहारमधील ५४ जागांपैकी एकही जागा पक्षाला मिळाली नाही. स्वतः पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. आंध्र प्रदेश व कर्नाटकाने मात्र काँग्रेसला भरघोस साथ दिली. नसबंदीची सक्ती उत्तरेत सर्वाधिक होती. म्हणजे मतदारांनी स्वातंत्र्याचे तत्त्व व रोजचा अनुभव वेगळे केले नाहीत. जेथे सक्ती घरात शिरली, तेथे शिक्षा कठोर झाली. निवडणूक घेण्याचा निर्णय इंदिरा गांधींचाच होता व पराभव त्यांनी स्वीकारला, हीही नोंद निःपक्षपाती इतिहासात असली पाहिजे.

निष्कर्ष

नियोजन आयोगाच्या अंदाजानुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या १९७३-७४ मध्ये ५४.९ टक्के व १९७७-७८ मध्ये ५१.३ टक्के होती. स्वातंत्र्य तारण ठेवून गरिबी हटली, असे हे आकडे म्हणू देत नाहीत. भाववाढीला उतार आणीबाणीपूर्वी लागला, १९७५-७६ ची वाढ मुख्यतः पावसाची होती आणि जेथे सक्तीने खरोखर काम केले ते धोरण स्वतःच्याच भाराने कोसळले. म्हणून वजाबाकीची पद्धत इतिहासलेखनात त्याज्य ठरते. नागरी स्वातंत्र्य ही आर्थिक प्रगतीसाठी मोजावयाची किंमत नसून प्रगतीचा दावा पडताळण्याचे साधन आहे. ते काढून घेतले की शासनाच्या आकड्यांना साक्षीदार उरत नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण रद्द करून ‘सशस्त्र उठाव’ हे कारण घातले आणि जीविताचा हक्क कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. १९७७ च्या अनुभवातून देशाने मिळविलेली ही सर्वांत टिकाऊ कमाई आहे. पुढे सत्तेवरून जाणाऱ्या कोणत्याही नेत्याचा हिशेब मांडताना ‘देशाने किती मिळविले?’ या प्रश्नाआधी ‘ते मोजण्याची मोकळीक कोणाला होती?’ हा प्रश्न विचारला जावा, एवढाच या विवेचनाचा आग्रह आहे.