गुहेच्या उंबऱ्यावर झोपलेला कुत्रा

कुत्रा कसा झोपतो याचे वर्णन कुरआनमध्ये आहे, असे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. दर जुम्म्याला सूरह कहफ पढणारेही क्षणभर थांबतात. हे वर्णन त्याच सूरहच्या अठराव्या आयतीत आहे. ईमान वाचवण्यासाठी काही तरुण गुहेत आसरा घेतात. अल्लाह त्यांना गाढ झोपवतो, झोपेतच त्यांना उजव्या-डाव्या कुशीवर वळवतो. त्यांचा कुत्रा पुढचे दोन्ही पाय पसरून गुहेच्या उंबऱ्यावर पडलेला असतो. ही झोप तीनशे आणि वर नऊ वर्षांची. पुढे ते तरुण किती होते यावरून लोक वाद घालतात. कोणी तीन म्हणतो, कोणी पाच, कोणी सात. आकडा बदलतो, पण प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे.

घरी कुत्रा असलेल्याला ती बैठक लगेच डोळ्यांसमोर येते. पुढचे पाय लांब, त्यांवर हनुवटी, पोट जमिनीला टेकलेले. अशी झोप हलकी असते, जरा खुट्ट झाले की कुत्रा उभा राहतो. गाढ झोप लागली की त्याचे स्नायू सैल पडतात, तो एका कुशीवर कलंडतो, मध्येच पाय झटकतो. थंडीत तो अंगाचे मुटकुळे करून नाक शेपटीखाली खुपसतो. बर्फात लांडगाही असाच झोपतो. त्या तरुणांकडे पाहून ते जागे आहेत असे वाटेल, असे ही आयत म्हणते. दारातल्या कुत्र्याची बैठकही पहारेकऱ्याचीच आहे.

आपल्या जुन्या विद्वानांनी कुत्र्याची झोप बारकाईने पाहिली होती. नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी ‘किताब अल-हयवान’ या ग्रंथात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, असा लांबलचक वाद रंगवला आहे. बगदादचे इब्न अल-मर्जुबान 921 मध्ये वारले. कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे बरे, अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तकच त्यांनी मागे ठेवले. त्यात कुत्र्यांच्या इमानाचे किस्से आणि कविता आहेत. चौदाव्या शतकात कैरोचे अद-दमीरी झाले. ते शाफई मसलकचे आलिम. ‘हयात अल-हयवान’ या त्यांच्या प्राणिकोशात कुत्र्याच्या झोपेबद्दल नेमकी नोंद आहे. राखणीची गरज नसते तेव्हा, म्हणजे बहुधा दिवसा, कुत्रा झोपतो. झोपेतही त्याचे कान तिखट असतात. डोळे तो पूर्ण मिटत नाही, पापण्या नुसत्या झुकवतो, कारण त्याची झोप हलकी असते. ज्याने कुत्र्याजवळ वेळ घालवला आहे, तोच असे लिहू शकतो.

पुढे 1872 साली डार्विनने दुसरी एक सवय टिपली. गालिच्यावर झोपण्याआधी पाळीव कुत्रा गोल गोल फिरतो, पंज्यांनी जमीन खरवडतो. गालिच्यावर गवत नसते, तरी गवत तुडवून खळगा करावा तसे त्याचे चालते. ही रानातल्या पूर्वजांची सवय उरली असावी, असे डार्विनला वाटले. आपण चादर नीट घालतो आणि कुत्रा ती उकरून गोळा करतो, त्याचे मूळ बहुधा इतके जुने आहे.

मग आपल्या मोहल्ल्यांत कुत्र्याबद्दल एवढी धास्ती का? त्याला आधार आहे, तो लपवण्याचे कारण नाही. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, अशीही आहे. शिकार, गुरेढोरे आणि शेती यांसाठी मात्र कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्येच आहे. सहीह बुखारीतच असेही आहे की पैगंबरांच्या (स.) काळात कुत्रे मस्जिदीतून ये-जा करत आणि त्यासाठी कोणी पाणी शिंपडत नसे. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या मगफिरतीची हदीस तर सर्वांनाच पाठ आहे.

म्हणूनच इमामांमध्ये मतभेद झाले. मदिनेचे इमाम मालिक (निधन 795) कुत्र्याला पाक मानत. त्याने पकडलेली शिकार खाणे जायज आहे, मग त्याची लाळ वाईट कशी, हा त्यांचा सवाल. इमाम शाफईंनी पूर्ण कुत्रा नापाक ठरवला. हनफी मतात लाळ नापाक, पण अंगाबाबत प्रचलित मत सौम्य आहे. आपले कोकणी मुस्लिम शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच राज्यातल्या दोन मुस्लिम घरांत कुत्र्याविषयीची शिकवण वेगळी असू शकते.

गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “मॅडम, आमच्या ओट्यावर कुत्री झोपते. तिला गोणपाट दिलं तर गुनाह होतो का?” घरी दादी तिला रोज हाकलत होती. मी मुफ्ती नाही, उर्दू-मराठीची शिक्षिका आहे. पण कोरडे अंग कोरड्या कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही, हे शाफई आणि हनफी दोन्ही मानतात, एवढे तिला सांगितले. ओटा हा घराचा उंबराच असतो, हेही सांगितले. वर्गात बाकीची मुले हसली. त्यांतली काही मुले सुटीत त्याच कुत्रीला दगड मारत असत.

मला काळजी त्या दगडांची वाटते. नापाकीचा मसला धुण्याचा आहे, मारण्याचा नाही. पण घरात “कुत्ता” हा शब्द फक्त शिवी म्हणून ऐकलेल्या मुलाला हा फरक कोण सांगणार? त्याच कुत्र्याला परंपरेने ‘कित्मीर’ हे नाव दिले. उस्मानी खत्तातांनी गुहेतल्या तरुणांच्या नावांचे जहाज रेखाटताना त्यांच्याबरोबर हे नावही लिहिले. शेख सादींनीही ‘गुलिस्ताँ’मध्ये त्याची आठवण काढली आहे, ती नेकांच्या संगतीचा महिमा सांगताना.

कहफचा कुत्रा आत अंथरुणावर नव्हता आणि हाकललेलाही नव्हता. तो दारात होता. कुत्रा घरात घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मसलकप्रमाणे ठरवावे. उंबऱ्यावर झोपलेल्याला उठवून लावू नये, एवढे आयत मला शिकवते. पुढच्या जुम्म्याला सूरह पढताना मुलांना अठराव्या आयतीचा अर्थही सांगा.