४०, ४०, १०, १० : 'द स्मिथ्स'च्या हिशेबाचा इतिहास

थ्रेड. डिसेंबर १९९६. लंडनच्या उच्च न्यायालयात एका भागीदारीच्या नफावाटपाचा खटला चालू आहे. व्यवसाय बंद पडून नऊ वर्षे झाली आहेत. वादीचे म्हणणे इतकेच की आम्ही चौघे होतो, तेव्हा नफ्याचा चौथा हिस्सा माझा. प्रतिवादी म्हणतात, तुझा हिस्सा दहा टक्के ठरला होता. लेखी करार कोणाकडेच नाही.

वादी ड्रम वाजवणारा माइक जॉइस. प्रतिवादी गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार. व्यवसायाचे नाव 'द स्मिथ्स'. ऐंशीच्या दशकातील ब्रिटिश गिटार-संगीताचा इतिहास लिहिताना ज्याला वगळता येत नाही, असा हा बँड. त्याच्यावर पुस्तके पुष्कळ आहेत आणि बहुतेक मॉरिसी व मार या दोघांभोवती फिरतात. आपण हा इतिहास उलट बाजूने, हिशेबाच्या वहीपासून वाचून पाहू. चौघांनी मिळून काढलेला आवाज नेमका कोणाचा, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही.

आधी स्थळकाळ. कापडगिरण्यांवर वाढलेले मँचेस्टर १९८२ साली उतरणीला लागलेले होते. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या आणि देशातील बेरोजगारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. त्या वर्षी अठरा वर्षांचा जॉनी मार एका ओळखीच्या मित्राला बरोबर घेऊन स्ट्रेटफर्ड भागातील एका घराच्या दारात उभा राहिला. घरात तेवीस वर्षांचा, नोकरी नसलेला, पुस्तके आणि जुने चित्रपट यांत बुडालेला स्टीव्हन मॉरिसी होता. एकाला चाली सुचत होत्या, दुसऱ्याकडे शब्द होते. दोघेही आयरिश स्थलांतरितांची मुले. पुढे आलेल्या जॉइस आणि अँडी रूर्क यांची मुळेही आयर्लंडकडेच जातात. मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांत हे नवलाचे नव्हते.

बँडचे नाव जाणूनबुजून साधे ठेवले गेले. स्मिथ हे इंग्लंडातील सर्वांत सामान्य आडनाव. आपल्याकडे एखाद्या वाद्यवृंदाने 'पाटील मंडळी' म्हणवून घ्यावे, तसा हा प्रकार. त्या काळी भपकेबाज नावांचे, सिंथेसायझर वाजवणारे, रंगरंगोटी केलेले बँड गाजत होते. त्यांच्यासमोर हे नाव उभे करणे हीच एक भूमिका होती.

पहिला कार्यक्रम ४ ऑक्टोबर १९८२ रोजी मँचेस्टरच्या रिट्झमध्ये झाला. तेव्हा बास गिटार दुसऱ्याच कोणाच्या हाती होती. त्यानंतर मारने आपला शाळासोबती रूर्क याला आणले आणि चौकडी पूर्ण झाली. पहिली तबकडी 'हँड इन ग्लव्ह' स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. पैसे दिले जो मॉस या कपड्यांच्या व्यापाऱ्याने. तोच बँडचा पहिला व्यवस्थापक. मे १९८३ मध्ये 'रफ ट्रेड'ने ती बाजारात आणली.

आता कळीचा कागद. रफ ट्रेड ही जेफ ट्रॅव्हिसने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये काढलेल्या तबकड्यांच्या दुकानातून उभी राहिलेली स्वतंत्र कंपनी. तिच्याशी १९८३ साली जो करार झाला, त्यावर सह्या दोनच, मॉरिसी आणि मार यांच्या. जॉइस आणि रूर्क यांच्या सह्या नाहीत. आपापसांत कोणाला किती, याचा तर कागदच झाला नाही. मंडळी विशीतली होती, गाणी धडाधड होत होती. वकिलाला बोलावण्याची सवड कोणाला!

या टप्प्यावर एक भेद नीट लक्षात घ्यावा लागेल, नाही तर पुढचा खटला कळणार नाही. गाण्याचे उत्पन्न साधारण दोन वाटांनी येते. शब्द आणि चाल रचणाऱ्याला रचनेचे मानधन मिळते. ते मॉरिसी आणि मार यांचे होते आणि त्यावर कोणी हक्क सांगितला नाही. दुसरी वाट ध्वनिमुद्रणाची आणि कार्यक्रमांची, म्हणजे प्रत्यक्ष वाजवण्या-गाण्याची. भांडण या दुसऱ्या वाटेवरचे आहे. तिथे मॉरिसी आणि मार प्रत्येकी ४० टक्के घेत होते, रूर्क आणि जॉइस प्रत्येकी १०.

मग या दहा टक्केवाल्यांनी वाजवले तरी काय? इथे तबकड्याच साक्षीला बोलवाव्या लागतात. 'धिस चार्मिंग मॅन' ऐका. १९८३च्या अखेरीस हे गाणे ब्रिटिश यादीत २५व्या क्रमांकापर्यंत गेले. 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात मॉरिसी हातात फुलांचा गुच्छ फिरवत होता, म्हणून लक्षात राहिले ते दृश्य. कानाने मात्र रूर्कचा बास पकडावा. अमेरिकेतील मोटाऊनच्या गाण्यांसारखा तो उड्या मारत चालतो आणि गाण्याला नाचते ठेवतो. 'बार्बरिझम बिगिन्स ॲट होम' हे जवळजवळ सात मिनिटांचे गाणे तर बासवरच उभे आहे. तो काढून टाका, हाती फारसे काही उरत नाही. 'द क्वीन इज डेड' या गाण्यात ड्रमचा जो अखंड गडगडाट आहे, तो जॉइसने वाजवलेल्या तुकड्याचा नमुना यंत्रात घेऊन पुनःपुन्हा फिरवलेला आहे. मूळ हात त्याचेच.

मारचे श्रेय यामुळे कमी होत नाही. त्याची कारागिरी त्या पिढीत वेगळीच होती. एका गाण्यात तो गिटारचे अनेक थर एकावर एक चढवी. सुरात लावलेल्या गिटारवर धातूच्या मुठीची सुरी टाकून मिळालेला नादही त्याने एके ठिकाणी वापरला आहे. 'हाऊ सून इज नाऊ?'चे ध्वनिमुद्रण १९८४च्या जुलैत लंडनला झाले. त्यातील थरथरणारा गिटारचा आवाज आज संगणकावर क्षणात जमेल. तेव्हा मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी आधी मुद्रित केलेली गिटार अनेक ॲम्प्लिफायरमधून पुन्हा वाजवली, प्रत्येकाचा कंप हाताने तालाशी जुळवत ठेवला, आणि ताल सुटला की फीत मागे घेऊन पुढचे काही सेकंद नव्याने मुद्रित केले. एवढे करून गाणे ठेवले कुठे? दुसऱ्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला. स्वतंत्र तबकडी म्हणून ते १९८५च्या सुरुवातीला आले आणि २४व्या क्रमांकावर थांबले. आज स्मिथ्सचे नाव काढले की पुष्कळांना पहिले तेच आठवते.

दीर्घ तबकड्यांचा हिशेब आटोपशीर देतो. पहिली, बँडच्याच नावाची, फेब्रुवारी १९८४ मध्ये आली. ती आधी ट्रॉय टेटच्या देखरेखीखाली पूर्ण मुद्रित झाली होती. ते काम बाजूला ठेवून पोर्टरबरोबर सगळे पुन्हा केले गेले. क्रमांक दोन. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'हॅटफुल ऑफ हॉलो' हा संग्रह आला. त्यात बीबीसीसाठी झटपट केलेली ध्वनिमुद्रणे आहेत, आणि माझ्या मते चौघांचा एकत्र आवाज सर्वांत खरा तिथेच ऐकू येतो, कारण थर चढवायला वेळच नव्हता. फेब्रुवारी १९८५ मध्ये 'मीट इज मर्डर' आली. मांसाहाराविरुद्धच्या गाण्याचे नाव धारण करणारी ही तबकडी थेट पहिल्या क्रमांकावर गेली. स्मिथ्सच्या मूळ तबकड्यांत हा मान एवढ्या एकीलाच.

'द क्वीन इज डेड' १९८५ संपता संपता तयार झाली होती. परंतु रफ ट्रेडशी वाद न्यायालयात गेला आणि ती अडकून पडली. भर हिवाळ्यात मार रात्रीचा गाडी घेऊन मूळ फिती पळवून आणायला सरेमधील स्टुडिओपर्यंत गेला, आणि बिल भागलेले नसल्याने रिकाम्या हाताने परतला. ही हकिगत तो स्वतःच सांगतो. अखेर जून १९८६ मध्ये तबकडी बाहेर आली. तिच्या आतल्या पानावर सॅल्फर्ड लॅड्स क्लबच्या दाराशी चौघे उभे असलेले छायाचित्र आहे. कामगारवस्तीतील मुलांच्या त्या क्लबसमोर छायाचित्र काढून घ्यायला आजही लोक येतात. आणखी एक गंमत : तबकडीवर व्हायोलिनवृंद म्हणून 'हेटेड सॅल्फर्ड आँसाम्ब्ल' असे नाव छापले आहे. असा वृंद कधीच नव्हता. ते सूर यंत्रातून काढलेले होते. जे नव्हते त्यांचे नाव छापले गेले. जे होते त्यांच्या नावाची सही करारावर नव्हती.

१९८६ हे वर्ष विसंगतीचे. रूर्कला हेरॉइनच्या व्यसनापायी काढून टाकले आणि थोड्याच दिवसांत परत घेतले. त्याच्या जागी आलेला क्रेग गॅनन काही काळ दुसरा गिटारवादक म्हणून राहिला आणि गेला. बँडला टिकाऊ व्यवस्थापक नव्हता. जो मॉस १९८३च्या अखेरीसच बाजूला झाला होता, आणि बिले, प्रवास, भांडणे यांचे ओझे विशीतल्या मारच्या खांद्यावर येऊन पडत होते. ईएमआय या बड्या कंपनीशी करार झाला, पण तिच्यासाठी एकही नवे गाणे कधी मुद्रित झाले नाही.

१९८७च्या वसंतात चौथी तबकडी 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' मुद्रित झाली. स्ट्रेंजवेज हे मँचेस्टरच्या तुरुंगाचे नाव. सप्टेंबरात ती दुकानांत पोहोचली, त्याआधीच मारने बँड सोडला होता. वय तेवीस. मॉरिसी पहिल्या भेटीच्या वेळी होता तेवढेच.

संगीताचा इतिहास सहसा इथे थांबतो. जॉइस आणि रूर्क यांनी १९८९ साली दावा लावला. रूर्क कर्जात होता. त्याने लवकरच तडजोड केली, ८३ हजार पौंड रोख आणि पुढेही दहाच टक्के. जॉइस मात्र अडून राहिला आणि प्रकरण १९९६ साली न्यायाधीश जॉन वीक्स यांच्यासमोर आले.

निकालाचा आधार एकोणिसाव्या शतकातला आहे. ब्रिटनचा भागीदारी कायदा १८९०चा. नफ्यासाठी माणसे मिळून व्यवसाय करीत असतील तर ती भागीदार, त्याला कागद लागत नाही. आणि त्याचे कलम २४ सांगते की वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदारांचे वाटे समान. (आपल्याकडच्या १९३२च्या भागीदारी कायद्यातील कलम १३ हेच सांगते. गावातल्या दोघांनी मिळून पिठाची गिरणी काढली आणि लिहून काही ठेवले नाही, तर त्यांनाही हाच नियम.) म्हणजे जॉइसला पंचवीस टक्के सिद्ध करायचेच नव्हते. तो दहा टक्क्यांना कबूल झाला होता, हे समोरच्यांना सिद्ध करायचे होते. जॉइसच्या वकिलांनी युक्तिवाद केला की मॉरिसी आणि मार या दोघांना गवत कापण्याच्या यंत्राचे सुटे भाग बदलावेत तसे बदलता येणारे समजत होते.

दहा टक्क्यांची संमती सिद्ध झाली नाही. न्यायाधीशांनी जॉइसला चौथा हिस्सा दिला; थकबाकीची रक्कम सुमारे दहा लाख पौंड झाली. स्वतःच्या हिताचा प्रश्न आला की मॉरिसी लबाड, उर्मट आणि अविश्वसनीय ठरतो, असेही त्यांनी नोंदवले. मारने निकाल मान्य केला. मॉरिसी एकटा अपिलात गेला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तिथेही हरला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक काम उरते. मॉरिसीचे आत्मचरित्र २०१३ साली आले आणि त्याची बरीच पाने या खटल्यावरील संतापाने भरलेली आहेत. मारचे २०१६ साली आले. त्याचा सूर निराळा. दोन्ही पुस्तके सूत्रधारांची आहेत. जॉइसची बाजू तारीखवार, उलटतपासणीसह जिथे नोंदली गेली, ते ठिकाण न्यायालय. तरीही निकालपत्रालाच अंतिम सत्य मानणे घाईचे होईल. न्यायालयाने 'कराराची संमती होती का' एवढेच विचारले. बासची ती ओळ नसती तर गाणे कसे झाले असते, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, आणि कलम २४ला त्याची गरजही नव्हती. कायद्याने चौघांना समान ठरवले ते कोणी किती चांगले वाजवले हे मोजून नव्हे. काही ठरलेलेच नव्हते म्हणून.

त्या निकालाचा रूर्कला काही उपयोग झाला नाही. त्याची तडजोड आधीच झालेली होती आणि ती तशीच राहिली. पुढे तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १९ मे २०२३ रोजी तो गेला, तेव्हा ती बातमी पहिल्यांदा जगाला सांगितली मारने.