चिमूटभर मीठ आणि बाळाचा मेंदू

गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. पोटात लोहखनिज भरपूर. मीठ मात्र बाहेरूनच आणावे लागते. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात चारोळी देऊन बाजारातून मीठ घेण्याची रीत जुनी आहे. त्याच मिठाचा आणि मेंदूचा संबंध आज पाहू या.

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड बंद पडून सुस्त झालेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या सुधारल्या आणि पुढे २८ वर्षे जगल्या. जन्मापासूनच हे हॉर्मोन न मिळालेल्या मुलांची उंची उशिरा सुरू केलेल्या औषधानेही वाढे, पण बुद्धीची उणीव पुरती भरून येत नसे. असे का?

१९८६ मध्ये या हॉर्मोनच्या रिसेप्टरचे जनुक सापडले आणि उलगडा होऊ लागला. हॉर्मोन ही किल्ली, तर रिसेप्टर हे पेशीकेंद्रातले कुलूप. किल्ली नसेल तर ते मेंदू घडवणारी काही जनुके बंदच ठेवते. गर्भाच्या मेंदूत ही कुलपे साधारण दहाव्या आठवड्यापासून दिसतात. तेव्हा बाळाची स्वतःची ग्रंथी तयार नसते. किल्ली आईकडून येते. सुरुवातीला अल्फा प्रकारचे रिसेप्टर जास्त असतात, बीटा प्रकार नंतर, जन्माच्या आसपास वाढतो. मोठेपणीही रिसेप्टर असतातच, पण तोवर घर बांधून झालेले असते. म्हणून मोठ्यांचा मंदपणा गोळीने जातो, बाळाची हुकलेली वेळ मात्र परत येत नाही.

या हॉर्मोनचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. काही वर्षांत गलगंड घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मे २००६ पासून खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे.

तेव्हा एवढे करा. मीठ आयोडीनयुक्तच घ्या, झाकणाच्या बरणीत ठेवा. दिवस राहिल्यावर थायरॉईडची तपासणी करावी का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासता येते. दोष आढळलाच तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हायला हवे. गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो उशीर.